अपघातात कुत्र्याचा खुबा निखळल्यास काय करावे: पहिल्या तासापासून सहाव्या आठवड्यापर्यंत

कुत्र्याच्या शरीरात अपघाताने सर्वांत जास्त वेळा निखळणारा सांधा म्हणजे मागच्या पायाचा खुबा. हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत बसलेला असतो आणि आतील एक छोटा, मजबूत अस्थिबंध, सांध्याभोवतीचे आवरण व पुठ्ठ्याचे जाड स्नायू त्याला तिथे धरून ठेवतात. वाहनाची धडक बसली, गच्चीवरून पडणे झाले किंवा पाय जिन्याच्या कठड्यात अडकून शरीर दुसरीकडे फेकले गेले, की आतील अस्थिबंध तुटतो, आवरण फाटते आणि हाडाचा माथा वाटीबाहेर येतो. बहुतेक वेळा तो पुढे आणि वर सरकतो. खाली सरकण्याचे प्रकार त्या मानाने थोडे असतात.

प्रथमच अशा प्रसंगाला सामोरे जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. हा सांधा पहिल्या दोन-तीन दिवसांत बसवला तर तो शस्त्रक्रियेविना बसण्याची बरीच शक्यता असते, आणि पुढचा प्रत्येक दिवस ती शक्यता कमी करत जातो. वाटीबाहेर आलेल्या माथ्यावरची गुळगुळीत कूर्चा कमरेच्या हाडावर घासून झिजते, रिकाम्या वाटीत साकळलेले रक्त आणि तंतुमय ऊती भरतात, तसेच पुठ्ठ्याचे स्नायू आखडून पाय वर ओढून धरतात. म्हणून ‘मुका मार असेल, आठवडाभर वाट पाहू’ हा सल्ला कितीही आपुलकीने दिलेला असला तरी तो मानू नये.

जागेवर करायच्या गोष्टी

अतिशय वेदनेत असलेला कुत्रा स्वतःच्या माणसालाही चावतो, त्यामुळे जवळ जाताना समोरून झुकण्याऐवजी बाजूने, खाली बसून आणि नेहमीच्या आवाजात बोलत जावे. सुती ओढणी किंवा बँडेजची साधारण मीटरभर पट्टी घेऊन तिचा वेढा नाकाडाभोवती द्यावा, हनुवटीखाली एक फास घालावा आणि दोन्ही टोके कानांमागे नेऊन सहज सुटेल अशी गाठ मारावी. कुत्र्याला धाप लागली असेल, उलटी होत असेल किंवा तो पगसारख्या चपट्या तोंडाचा असेल तर तोंड बांधू नये. मानेभोवती जाड टॉवेल गुंडाळून डोके वळण्यापुरते अडवावे. चावा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजप्रतिबंधक लसीबद्दल विचारावे. कुत्रा घरचा आणि लसीकरण झालेला असला तरीही डॉक्टरांना दाखवणे टाळू नये.

उचलताना पाठ, कंबर आणि पाय एका पातळीत राहिले पाहिजेत, कारण खुब्याबरोबर मणक्याला किंवा कमरेच्या हाडाला इजा झाली आहे की नाही हे रस्त्यावर कोणालाही सांगता येत नाही. प्लायवूडची फळी, जुना कॅरमबोर्ड किंवा दोघांनी चारही कोपरे ताणून धरलेली जाड चादर कुत्र्याशेजारी ठेवावी आणि त्याला तिच्यावर सरकवून घ्यावे. दुखरा पाय वरच्या बाजूला राहिलेला बरा. मात्र श्वास घ्यायला त्रास होत असेल तर कुत्रा स्वतः जसा बसेल तसाच त्याला राहू द्यावे.

पाय ओढून सांधा बसवण्याचा प्रयत्न करू नये आणि इतर कोणालाही करू देऊ नये. आपल्याकडे गावोगावी हाडवैद्य आहेत आणि लोक विश्वासाने जनावरेही त्यांच्याकडे नेतात. पण कुत्र्याच्या पुठ्ठ्याचे स्नायू इतके ताकदवान असतात की पूर्ण भूल दिल्याशिवाय ते ढिले पडत नाहीत. हाड मोडले असेल तर ओढल्याने त्याची टोके आतील नसा व रक्तवाहिन्या फाडू शकतात. तेलाचे मालीश आणि गरम शेकही नको, कारण ताज्या दुखापतीत त्यांनी सूज आणि आतला रक्तस्राव वाढतो.

घरातल्या औषधांच्या डब्याला हातही लावू नये. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक ही माणसांची वेदनाशामके कुत्र्यांना विषारी ठरतात. त्यांनी पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कॉम्बिफ्लामसारख्या गोळीत आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. शिवाय अपघाताने आधीच रक्तदाब खाली गेलेला असताना अशी गोळी दिली, तर नंतर डॉक्टरांना योग्य वेदनाशामक देण्याचा मार्गही काही दिवस बंद होतो. भूल देण्यापूर्वी पोट रिकामे असावे लागते, म्हणून हळद घातलेले दूध, बिस्कीट, भात असे काहीही वाटेत भरवू नये. शेवटचे खाणे केव्हा झाले ते मात्र आठवून ठेवावे.

खुबाच निखळला आहे का

याचे निश्चित उत्तर एक्स-रेच देतो, पण काही खुणा पाहून ठेवल्या तर फोनवर डॉक्टरांना नीट सांगता येते. हाडाचा माथा पुढे-वर सरकला असेल तर कुत्रा त्या पायावर भार देत नाही, मागून पाहिल्यास तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो, पोटाखाली आतल्या बाजूला झुकलेला असतो, तर गुडघा आणि बोटे बाहेरच्या दिशेला वळलेली असतात. माथा खाली सरकला असेल तर चित्र उलटे असते, म्हणजे पाय लांब वाटतो, बाजूला फाकतो आणि बोटे आत वळतात.

पशुवैद्य हाताने जी तपासणी करतात ती समजून घेतल्यास त्यांचे बोलणे समजायला सोपे जाते. कमरेच्या हाडाची पुढची कड, मांडीच्या हाडाचा बाहेरून हाताला लागणारा उंचवटा आणि बसायच्या हाडाचे मागचे टोक हे तीन बिंदू निरोगी कुत्र्यात त्रिकोण करतात आणि मधला उंचवटा इतर दोघांच्या रेषेच्या खाली असतो. खुबा वर सरकला की हा उंचवटा त्या रेषेपर्यंत चढतो. नंतर डॉक्टर उंचवटा आणि बसायचे हाड यांच्यामधल्या खाचेत अंगठा ठेवून मांडी बाहेरच्या बाजूला फिरवतात. सांधा जागेवर असेल तर खाच मिटते आणि अंगठा बाहेर ढकलला जातो, निखळलेला असेल तर अंगठा तिथेच राहतो. ही तपासणी घरी करून पाहू नये.

एक वर्षाखालील पिल्लाच्या बाबतीत विशेष सावध राहावे लागते. त्याच्या हाडाचा माथा वाढीच्या कोवळ्या थरापाशी तुटून वेगळा होऊ शकतो आणि बाहेरून ती इजा खुबा निखळल्यासारखीच दिसते, पण तिच्यावरचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत.

कुठे न्यावे

जवळचा दवाखाना गाठण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: एक्स-रे आहे का, पूर्ण भूल देण्याची सोय आहे का, आणि हाडांची शस्त्रक्रिया करणारे पशुवैद्य तिथे आहेत की बाहेरून बोलवावे लागतात. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय चिकित्सालयात मुख्यतः गाई-म्हशींवर उपचार होतात आणि एक्स-रे सगळीकडे नसतो. तरीही सलाईन, वेदनाशामक आणि तातडीची तपासणी तिथे मिळू शकते, त्यामुळे लांबचा पल्ला असेल तर आधी तिथे थांबणे शहाणपणाचे आहे. पुढच्या उपचारांसाठी महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत विचारणा करता येते. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, जे जुन्या मुंबईकरांना बैलघोडा हॉस्पिटल म्हणून ठाऊक आहे, भटक्या कुत्र्यांसाठीही मोठा आधार आहे.

दवाखान्यात पोहोचल्यावर डॉक्टर पायाकडे न पाहता आधी छाती आणि पोट तपासू लागले तर अधीर होऊ नये. ज्या धडकेने खुबा निखळतो तिने फुप्फुसाला मार बसणे, छातीत हवा साठणे, श्वासपटल फाटणे किंवा मूत्राशय फुटणे हेही होऊ शकते, आणि निखळलेल्या खुब्याने कुत्रा दगावत नाही, या इजांनी दगावतो. हिरड्या पांढरट पडल्या आहेत का, बोटाने दाबून सोडल्यावर त्यांचा गुलाबीपणा दोन सेकंदांत परत येतो का, हे पाहिले जाते. कुत्र्याने लघवी केली एवढ्यावरून मूत्राशय शाबूत आहे असे मानता येत नाही, कारण फुटलेल्या मूत्राशयातूनही थोडी लघवी बाहेर येऊ शकते. छातीचा एक्स-रे सुचवला तर खर्च वाचवण्यासाठी तो टाळू नये. भूल देण्याआधी फुप्फुसांची अवस्था माहीत असणे आवश्यक असते. म्हणूनच सांधा बसवणे एखादा दिवस पुढे ढकलले गेले तरी ते योग्यच असते.

खुब्याचे एक्स-रे किमान दोन कोनांतून काढावे लागतात, एक कुशीवर झोपवून आणि एक उताणे झोपवून. माथा कोणत्या दिशेला सरकला आहे, वाटीच्या कडेचा किंवा माथ्याचा तुकडा निघाला आहे का, आणि सांधा मुळातच उथळ तर नव्हता ना, या तीन प्रश्नांवर पुढचा निर्णय ठरतो. जर्मन शेफर्ड, लॅब्राडॉर, रॉटवायलर अशा जातींमध्ये जन्मजात कलामुळे वाटी उथळ राहण्याचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि अशा वाटीत बसवलेला माथा टिकत नाही.

शस्त्रक्रियेविना सांधा बसवणे

दुखापत ताजी असेल, कुठेही हाड मोडलेले नसेल आणि वाटी पुरेशी खोल असेल तर बहुतेक पशुवैद्य प्रथम हाच मार्ग घेतात. पूर्ण भूल दिल्यावर मदतनीस मांडीत अडकवलेल्या टॉवेलने कमर स्थिर धरतो. डॉक्टर पाय बाहेरच्या बाजूला फिरवून माथा वाटीच्या कडेवरून मोकळा करतात, खाली व मागे ओढतात आणि मग आत फिरवत उंचवट्यावर दाब देऊन माथा वाटीत सोडतात. तो बसताना हाताला स्पष्ट ‘खट्’ जाणवते. त्यानंतर सांधा दाबून धरून अनेकदा हलवला जातो, जेणेकरून वाटीतील रक्ताची गाठ बाजूला सरकेल. भूल उतरण्यापूर्वीच पुन्हा एक्स-रे काढलेला असावा, आणि तो तुम्हाला दाखवावा अशी विनंती करण्यात काहीही गैर नाही.

हे यश कायम टिकेलच असे नाही, आणि ते आधीच माहीत असलेले बरे. अशा रीतीने बसवलेल्या खुब्यांपैकी साधारण निम्मे पुन्हा निखळतात, बहुधा पहिल्या काही दिवसांतच. तुटलेला अस्थिबंध पुन्हा जुळत नाही. फाटलेले आवरण भरून त्यावर घट्ट व्रणऊती तयार होते आणि पुढे आयुष्यभर सांधा मुख्यतः तिच्या व स्नायूंच्या आधारावर राहतो. ही ऊती तयार होण्यास काही आठवडे लागतात, आणि त्या काळात सांध्याचे रक्षण करणे हे मालकाचे काम आहे.

पट्टीची काळजी

पुढे-वर निखळलेला खुबा बसवल्यावर बहुधा एहमर पट्टी बांधतात. तिच्यात पाय दुमडून, पंजा जमिनीपासून वर आणि मांडी किंचित आत वळवून आठाच्या आकड्यासारख्या वेढ्यांनी बांधलेली असते, म्हणजे माथा वाटीत खोल दाबला जातो. ती साधारण 10 ते 14 दिवस ठेवतात. खाली निखळलेल्या खुब्याला ही पट्टी चालत नाही, उलट तिने सांधा पुन्हा सुटू शकतो. तिथे दोन्ही मागचे पाय फाकू नयेत म्हणून त्यांना जोडणारी सैल बेडी घालतात. कोणत्या दिशेला निखळले होते हे तुम्हाला माहीत असायला हवे ते यासाठीच, कारण पट्टी बदलायला दुसऱ्या दवाखान्यात जावे लागले तर हाच प्रश्न पहिला विचारला जाईल.

या पट्टीने जितका फायदा होतो तितकाच निष्काळजीपणाने अपायही होतो, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी उजेडात बसून ती नीट पाहावी. पंजाची मधली दोन बोटे पाहावीत: त्यांची नखे एरवी एकमेकांना जवळजवळ समांतर असतात, आणि आत सूज चढू लागली की ती एकमेकांपासून फाकू लागतात. बोटे गार लागणे, त्यांचा रंग निळसर किंवा गडद होणे, चिमटा घेतल्यावर कुत्र्याने पाय न हलवणे, ही लक्षणे दिसली तर रात्र झाली असली तरी त्याच वेळी डॉक्टरांना फोन करावा. मग नाक पट्टीजवळ नेऊन वास घ्यावा. आंबूस किंवा कुजका वास हा आत कातडी सोलवटल्याचा बहुतेक वेळा पहिला पुरावा असतो आणि तो डोळ्यांना काही दिसण्याच्या आधी येतो. मांडीच्या आतील बाजूस, जांघेत आणि टाचेच्या मागे पट्टी जिथे वळते तिथे बोट फिरवून ओल किंवा काचल्याची लाली तपासावी. नर कुत्र्यात पोटावरून जाणारा वेढा लघवीने भिजतो का, हेही पाहावे.

पट्टी घसरली, ओली झाली किंवा कुत्र्याने कुरतडली तर ती स्वतः सैल करून पुन्हा बांधू नये. वरवर तशीच दिसणारी, पण कोन बदललेली पट्टी सांधा बाहेर काढू शकते. कुरतडणे थांबवण्यासाठी गळ्यात प्लास्टिकचा कोन घालावा, आणि कुत्र्याच्या केविलवाण्या नजरेने विरघळून तो काढू नये. पावसात बाहेर नेताना पट्टीवर प्लास्टिकची पिशवी चढवावी आणि आत येताच काढावी, नाहीतर कोंडलेल्या ओलाव्याने आतली कातडी फुगते.

घरातले सहा आठवडे

पट्टी निघाली म्हणजे उपचार संपले असा समज फार ठिकाणी आढळतो, आणि बसवलेला खुबा पुन्हा निखळण्यामागे हे एक मोठे कारण असते. एकूण चार ते सहा आठवडे धावणे, उडी मारणे, जिने चढणे, सोफ्यावर चढणे आणि इतर कुत्र्यांशी खेळणे पूर्ण बंद असते. फक्त शी-शूसाठी, आखूड पट्ट्याने, दिवसातून चार-पाच वेळा, पाच-पाच मिनिटे बाहेर न्यावे. आजकालच्या घरांतील गुळगुळीत टाइल्स या काळात सर्वांत मोठा धोका आहेत. पाय एकदा बाजूला फाकला तरी सगळे श्रम वाया जातात. कुत्रा जिथे वावरेल तिथे रबरी मॅट, सतरंजी किंवा गोणपाट अंथरावे, आणि ते स्वतः घसरणार नाही हेही पाहावे. मोठा पिंजरा असेल तर उत्तम, नसेल तर खोलीचा एक कोपरा कपाट व पाटाने बंद करावा. त्या कोपऱ्यात कुत्र्याला उभे राहून वळता यावे, पण पळायला जागा मिळू नये. दाराची घंटा वाजली की धावण्याची सवय असलेल्या कुत्र्यासाठी महिनाभर घंटाच बंद ठेवणे हा साधा आणि परिणामकारक उपाय आहे.

उभे करताना दुमडलेला टॉवेल पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढून घालून दोन्ही टोके वर धरावीत म्हणजे कमरेचा भार तुमच्या हातावर येतो. खाणे थोडे कमी करावे, कारण हालचाल थांबलेली असताना वाढलेले प्रत्येक किलो त्याच सांध्यावर येणार असते. मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखी वेदनाशामके डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यावीत आणि त्यांच्या जोडीला स्टेरॉइड कधीही देऊ नये. उलटी, काळी शी किंवा खाण्याचा कंटाळा दिसल्यास औषध थांबवून फोन करावा. आणखी एक सूचना: औषधाने दुखणे थांबलेला तरुण कुत्रा स्वतःला बरा समजून उड्या मारू लागतो, म्हणून त्याच्या उत्साहावरून पट्टा सोडण्याचा निर्णय घेऊ नये.

शस्त्रक्रिया केव्हा

सांधा पुन्हा निखळला, दुखापतीला बरेच दिवस झाले, हाडाचा तुकडा निघाला, किंवा दोन्ही खुबे एकदम निखळले, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. दोन्ही बाजूंना एहमर पट्टी बांधली तर कुत्र्याला उभेच राहता येत नाही, त्यामुळे तिथे पर्याय जवळजवळ उरत नाही. एका पद्धतीत वाटीला आणि मांडीच्या हाडाच्या मानेला छिद्र पाडून, आडव्या पिनेला जोडलेला जाड धागा आरपार ओवतात आणि तुटलेल्या अस्थिबंधाचे काम त्याच्यावर सोपवतात. तो धागा पुढे कधीतरी तुटतो, पण तोवर व्रणऊती तयार झालेली असते. दुसऱ्या पद्धतींत फाटलेले आवरण शिवतात किंवा स्क्रू व धाग्यांनी नवे आवरण उभे करतात. खुली शस्त्रक्रिया साधारण दहापैकी आठ-नऊ कुत्र्यांत टिकते, आणि तिच्यानंतरही वरची विश्रांती तशीच पाळावी लागते.

माथा किंवा वाटी दुरुस्त होण्यापलीकडे गेली असेल तर माथा आणि मान कापून काढतात. हे ऐकून मालक घाबरतात, पण हलक्या, साधारण 20 किलोच्या आतल्या कुत्र्यांत याचा निकाल चांगला येतो. हाड हाडावर घासणे थांबते आणि स्नायू व व्रणऊतींचा खोटा सांधा तयार होतो. इथे मात्र काळजीचा नियम उलटतो. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत, डॉक्टरांच्या सल्ल्याने, पाय हळूहळू वापरायला लावावा लागतो, पट्ट्याने संथ चालवणे, मांडी हाताने पुढे-मागे हलवणे आणि जखम भरल्यावर पाण्यात चालवणे हे रोज करावे लागते, कारण आराम दिला तर खोटा सांधा आखडून बसतो. भारी कुत्र्यांत कृत्रिम खुबा हा पर्याय असतो, परंतु तो मोजक्याच ठिकाणी होतो आणि खर्चिक आहे. कोणताही मार्ग निवडण्यापूर्वी भूल, एक्स-रे, पट्टी बदलण्याच्या फेऱ्या आणि सांधा पुन्हा निखळल्यास करावा लागणारा खर्च या सर्वांचा अंदाज लिहून मागावा.

भटक्या कुत्र्याला वाचवणाऱ्यांनी हा निर्णय घेताना पुढचे सहा आठवडे त्याला कोण आणि कुठे बंदिस्त ठेवणार, हे आधी ठरवावे आणि ते डॉक्टरांना खरेखरे सांगावे. ज्याला पट्टीसह रस्त्यावरच परतावे लागणार आहे त्याच्यासाठी सांधा बसवण्यापेक्षा माथा काढणे अधिक दयाळू ठरू शकते.

पहिल्या आठवड्यात आणि पट्टी काढताना तपासणी होईलच. त्याशिवाय कुत्रा अचानक पुन्हा पाय टेकेनासा झाला किंवा पाय पुन्हा आखूड दिसू लागला तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता एक्स-रे काढून घ्यावा. बसवलेल्या सांध्यात काही वर्षांनी संधिवात येण्याची शक्यता राहते. म्हणून अपघातानंतरचे आणि सांधा बसवल्यानंतरचे एक्स-रे, दिनांकासह, फोनमध्ये वेगळे जपून ठेवावेत; पुढे लंगडणे सुरू झाले तर नव्या डॉक्टरांना तुलनेसाठी त्यांचाच उपयोग होईल.